खांदा पाहणारी बाई

ती बाई माणसाचं नाव विचारायची नाही. गावही विचारायची नाही. दवाखान्याच्या पायरीवर माणूस चढला की आधी त्याचा खांदा पाहायची. डावा, मग उजवा. सदऱ्यावर दुधाचा वाळलेला पांढरा डाग दिसला तर म्हणायची, "बस. बाप दिसतोस." डाग नसला तर तिथंच अडवायची. "पोट्टं कोन धरते घरी? तू तं नाही धरत. सदरा सांगून राहिला."

अमरावतीत एका लहानशा दवाखान्यात ती नर्स होती. सत्तावन्न सालच्या आसपासची गोष्ट. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तराच्या मारानं. लिहायची सवय नाही. पण यंदाच्या पोळ्याच्या सुमारास माझी बायको गेली, घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून नातवाची एक जुनी वही घेतली. बायकोचं लिहायला बसलो की हात थांबतो. या बाईचं लिहायला बसलो की हात पळतो. म्हणून आधी बाईचं लिहून काढतो. बायको तिच्यात येतेच.

बाई उंच, हाडानं रुंद. पांढरं लुगडं, छातीवर टाचलेलं उलटं घड्याळ. चालताना चपला अशा वाजायच्या की बाहेर विडी ओढत बसलेले बाप विड्या विझवून उभे राहायचे. मंगळवार हा लेकरांचा दिवस. त्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर जे चालायचं ते पाहायला टांगेवाले टांगे थांबवायचे. धोतरवाले, टोपीवाले, मिशीवाले असे दहाबारा बाप ओळीनं बसलेले, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक लेकरू उभं धरलेलं. बाई ओळीतून फिरायची. "पाठ सरळ धर. मान सांभाळ. अबे, थाप हळू दे, तू काय सरकीचं पोतं झटकून राहिला?"

एकदा एक फेटेवाले पाटील आले. सून आणि नातू आत, पाटलाचा मुलगा बाहेर टांग्यात. बाई म्हणाली, बाप कुठं आहे, त्याले बोलवा. पाटील म्हणाले, "बाई, आमच्यात बाप्ये लेकरं नाही घेत."

"मंग हे लेकरू कोनाचं हाये?" बाई म्हणाली.

ओट्यावरचे सगळे बाप खाली पाहून हसले. पाटलांचा चेहरा लाल झाला. पण मुलगा टांग्यातून उतरला, आणि ओळीत बसला. मी तिथंच होतो. माझ्याच बाजूला बसला.

तिचं काम मोठं अजब होतं. लेकरू ओकते म्हणून कोणी आलं की ती औषधाचं नाव काढायची नाही. आधी लेकराच्या तोंडाजवळ नाक न्यायची. मग आईला म्हणायची, फडकं दाखव. बाया लाजायच्या, धुतलेलं फडकं काढायच्या. "धुतलेलं फडकं मले काय सांगन? घाण आन. उद्या आन." मग फडकं उजेडात धरून पाहायची, वास घ्यायची, जसा आमच्या कापसाच्या जिनिंगमधला माणूस रुईचा पुंजका बोटात ओढून पाहतो तसं.

लेकरू दूध ओकून लगेच हसत असलं, अंग धरत असलं, तर ती त्यांना हाकलून द्यायची. "हसून ओकते नं? ओकू द्या. वजन वाढून राहिलं. घरी जा, गर्दी नोका करू." आया नाराज व्हायच्या. इतक्या लांबून आलो आणि बाटलीभर औषध नाही. आणि ओकारी हिरवी असली, रक्ताची असली, पिचकारीसारखी लांब जाऊन पडत असली, किंवा लेकराचं लंगोट सकाळपासून कोरडं असलं, तर बाई एक शब्द बोलायची नाही. स्वतः रस्त्यावर जायची, टांगा थांबवायची, माय-लेकराला आत बसवायची आणि टांगेवाल्याला मोठ्या दवाखान्याचं नाव सांगायची. ती शिव्या देत असली की आम्ही निवांत असायचो. ती गप्प झाली की आम्ही आपापलं लेकरू जवळ ओढायचो.

तिच्या खोलीच्या मागं वालाचा वेल होता. अमरावतीत तसा वेल दुसरा नसेल. त्या काळी लेकराचं पोट सुटू नये म्हणून पोटावर फडक्याची पट्टी घट्ट बांधायचे. बाई ती दिसली की कात्रीनं कापायची, कंबरेला खोचायची. वेलाला बांधायला तिनं त्याच पट्ट्या वापरल्या होत्या. लाल, हिरव्या, काठाच्या, जुन्या लुगड्यांच्या. अर्ध्या जिल्ह्यातल्या लेकरांची पोटं तिनं सोडवली आणि त्याच्यावर वाल चढवला. शेंगा लागल्या की दवाखान्यात वाटायची.

पुढं सहा-सात वर्षांनी मी अकोल्याला जिनिंगमध्ये लागलो, आणि तीही बदलून अकोल्याला आली. तिथला एक किस्सा सांगतो, म्हणजे बाई काय चीज होती ते कळेल. आमच्या शेजारच्या घरची सात वर्षांची मुलगी. रात्रभर खोकायची, आवाज घोगरा, जेवायला बसली की छातीवर हात ठेवायची. दमा आहे म्हणून दोन वर्षं औषधं चालली, गळ्यात ताईत. माझ्या बायकोनं बाईला घरी बोलावून आणलं. बाईनं फक्त एक विचारलं, "जेवून किती वेळानं आडवी होते?"

मुलीची आई म्हणाली, "लगेच. बाप दुकानातून उशिरा येते. त्याच्या आधी कसं जेवाचं? भाकर-ठेचा खाते, वरून चहा घेते, झोपते."

"बापाच्या छातीत जळून राहिलं का?"

"नाही."

"मंग जिच्या जळते तिले आधी जेवू द्या."

तेवढ्यावर ते घर ऐकणार नव्हतं, हे बाईला माहीत होतं. तर ही बाई काय करते? रोज दिवस मावळायच्या आत स्वतःची भाकर फडक्यात बांधून त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसते. "मी एकटी जेवत नाही. पोट्टीले बसवा माह्यासंग." पाहुणी बसली म्हटल्यावर मुलीला ताट द्यावंच लागे. ठेचा बंद, चहा बंद, भाजी फिकी. जेवण झालं की मुलीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरून यायची. पंधरा दिवस असं चाललं. महिन्याभरात खोकला निम्म्यावर आला. बाप चिडला होता, तोही बाईला पाहून दुकान लवकर बंद करायला लागला.

आता आमचं सांगतो. ते सांगायचंच आहे.

आमचं गाव भातकुलीच्या अलीकडे. मी अमरावतीत जिनिंगमध्ये कामाला, सायकलनं जाणं-येणं. घरात माझा बुढा, म्हणजे बाप, माझी माय, मी आणि बायको. लग्नाला दोन वर्षं झाली आणि पहिली मुलगी झाली. तीन महिन्यांची होऊन माहेरून आली तेव्हा दहा पौंडांची होती. पाच महिन्यांची झाली तरी दहाच पौंड. पाजलं की ओकायची, आणि नुसती ओकायची नाही. पिता पिता किंचाळायची, पाठीची कमान करायची, मान मागं टाकायची. रात्री खोकायची. तिच्या अंगाला आंबट वास यायचा. पाळण्यातल्या लेकराच्या कपाळावर आठ्या मी तिच्याच पाहिल्या.

माय म्हणायची, सुनेच्या दुधातच खोट आहे. रोज म्हणायची. भाकरी थापताना म्हणायची, पाणी भरताना म्हणायची. बायको कधी उलटून बोलली नाही. घुटी झाली, दृष्ट काढून झाली, पट्टी घट्ट झाली. शेवटी ठरलं की पोटावर बिब्ब्याचा डाग द्यायचा. गावातला एक म्हातारा द्यायचा. तापवलेला बिब्बा लेकराच्या पोटावर टेकवायचा, चामडी जळते, फोड येतो. तेव्हा पुष्कळ घरी चालायचं. शनिवार ठरला. मला विचारलं. मी हो म्हटलं. लपवून काय करू, मी हो म्हटलं होतं.

शुक्रवारी दुपारी जिनिंगच्या फाटकावर कोणी बाई आली आहे म्हणून निरोप आला. बाहेर येऊन पाहतो तर माझी बायको. कडेवर मुलगी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. तीन कोस चालत आली होती. त्याआधी ती एकटी गावच्या विहिरीपलीकडे गेली नव्हती.

"काहून आली? घरी सांगून आली का?"

"नाही."

"माय काय म्हनन?"

"जे म्हनाचं ते म्हनन. उद्या डाग देनार हायेत. मी देऊ नाही देत. विहिरीवर बाया बोलत होत्या, इथं एक खांदा पाहनारी बाई हाये. मी तिच्याकडं जाऊन राहिली. तुमी येता का नाही तेवढं सांगा."

ती माझ्याशी एका वेळी इतकं कधी बोलली नव्हती. अंगावर रुई, डोक्यात रुई, तसाच तिच्या मागं गेलो.

बाईनं तिला पडद्यामागं बसवलं आणि पाजायला लावलं. मी बाहेर थांबलो तर आतून आवाज आला, "बाप कुठं हाये? आत ये. लाजू नोको, पोट्टी तुहीच हाये." आत गेलो. बाई गुडघ्यावर हात ठेवून मुलीकडे टक लावून बसली होती. म्हणाली, "पाह्य. चार घोट घेतले, तोंड काढलं. आता कमान केली. भूक हाये, पन प्यायची भीती हाये. आता तोंडात दूध नाही, तरी घोट गिळून राहिली. काहून? खालचं वर येऊन राहिलं. आंबट असते ते. जळते तिले."

बायको म्हणाली, "उद्या पोटावर डाग देनार हायेत."

बाई माझ्याकडे वळली. "पोट्टी आतून भाजून राहिली," ती म्हणाली, "आन तुमी वरून भाजाले निघाले."

मी मान खाली घातली. बायकोनं मग हळूच विचारलं, "बाई, माह्या दुधात खोट हाये का?"

"कोन म्हनते?"

बायकोनं मुलीच्या ओठावरचं दूध पुसलं.

"दुधात काही नाही. बरनी पाह्यली नं लोनच्याची? झाकन सैल असलं आन बरनी आडवी ठेवली तं सांडते. उभी ठेवली तं नाही सांडत. हिच्या पोटाचं झाकन अजून सैल हाये. देवानं कच्चं पाठवलं. बसाले लागली, चालाले लागली की घट्ट होते. तवलग बरनी उभी धराची. बस."

बायको रडायला लागली. दोन महिने आमच्या घरात ती रडली नव्हती, तिथं त्या पडद्यामागं रडली. बाईनं तिला रडू दिलं आणि तेवढ्या वेळात मुलीच्या पोटाची पट्टी कापून कंबरेला खोचली.

डॉक्टरसाहेबांनी छाती पाहिली, एक पांढरं औषध दिलं. बाकीचं बाईनं सांगितलं. एकदम पोटभर पाजायचं नाही, थोडं थोडं पाजायचं, लवकर लवकर. घुटी बंद. पाजल्यावर लगेच झोळीत नाही, मालिश नाही. झोपवायचं तेव्हा सपाट अंथरुणावर, पाठीवर. आणि प्रत्येक वेळी पाजलं की अर्धा घंटा खांद्यावर उभं धरायचं. दिवसातून आठ वेळा.

बायको म्हणाली, "आठ अर्धे घंटे? दळन, पानी, भाकरी, शेन. सासू म्हनन पोरगी घेऊन बसून राहते."

"तू नाही," बाई म्हणाली. "हा धरन."

आता तुम्हाला हे समजणार नाही. आजकाल बाप लेकराला छातीशी बांधून बाजारात फिरतात. तेव्हा आमच्यात आपल्या बापासमोर आपलं लेकरू उचलणं म्हणजे बेशरमपणा. चुलत्याचं घ्या, भावाचं घ्या, स्वतःचं नाही. बायकोशी बापासमोर बोलायचं नाही तसंच हे. मी माझ्या मुलीला पाच महिन्यांत चार वेळा हातात घेतलं असेल, तेही बुढा शेतात असताना. बाईला म्हटलं, "धरीन." खोटं नव्हतं. कसं धरीन ते मला माहीत नव्हतं.

घरी गेल्यावर मोठा तमाशा झाला. तो लिहीत नाही. शेवटी माय इतकंच म्हणाली की डॉक्टरनं थांबा म्हटलं तर थांबते, पण पोरगी अशीच वाळत राहिली तर डाग द्यायचा. डाग पुढं गेला, रद्द झाला नाही.

त्याच आठवड्यात जिनिंगचा हंगाम संपला आणि मी घरी बसलो. धरायला वेळच वेळ. मग मी काय शक्कल काढली? बायकोनं पाजलं की मुलीला घेऊन गोठ्यामागं जायचं. सदरा काढून खुंटीला टांगायचा, कारण खांद्यावर दूध सांडलं तर बुढ्याला दिसेल. उघड्या अंगावर मुलीला धरून उभं राहायचं. आणि बुढ्याचा खाकरण्याचा आवाज आला की तिला पटकन गव्हाणीतल्या कडब्यावर ठेवायचं आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहायचं. बुढा दिवसातून दहादा खाकरायचा.

मंगळवारी दवाखान्यात गेलो. काटा दहा पौंडांवर. बाईनं माझा खांदा पाहिला. स्वच्छ.

"सदरा काढून धरतो," मी म्हणालो.

"काहून?"

"बुढ्याले दिसन म्हनून."

"किती वेळ धरतो?"

"बुढा येईपर्यंत."

बाई गप्प झाली. एक शिवी दिली नाही. मी वर सांगितलंच आहे तिच्या गप्प बसण्याचं.

चार दिवसांनी ती गोष्ट झाली. सकाळची वेळ. मुलगी पोटभर प्यायली होती, जरा जास्तच. मी गोठ्यामागं धरून उभा. बुढा खाकरला. मी तिला कडब्यावर ठेवलं आणि बैलाकडे वळलो. मागं आवाज आला नाही, म्हणून पाहिलं. दूध नाका-तोंडातून आलं होतं आणि श्वास अडकला होता. ओठ निळे. मी तिला उचलली, बाईनं शिकवलं होतं तसं हातावर पालथी धरली, पाठीवर थापा दिल्या आणि पळालो. उघडा, तसाच, अंगणातून, बाजेवर बसलेल्या बुढ्याच्या समोरून. बायकोच्या हातातली घागर पडली. अंगणाच्या मधोमध मुलीनं श्वास घेतला आणि रडली. असं रडणं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही, इतकं गोड.

बुढ्याला काय झालं ते कळलं नव्हतं. त्यानं फक्त मला पाहिलं, मुलगी छातीशी. म्हणाला, "लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "नाही."

बापाला उलट उत्तर देण्याची ती माझी पहिली वेळ.

बायकोनं गाडीवानाबरोबर निरोप पाठवला आणि दुसऱ्या दिवशी बाई बैलगाडीत बसून आमच्या दारात उतरली, खांद्याच्या पिशवीत लोखंडी काटा. त्याच्या आधल्या दसऱ्याला ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, गावात सगळ्यांना माहीत होतं. माय पाण्याचा गडवा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. द्यावा कसा, हे तिला कळेना. आम्ही तसे होतो. बाई म्हणाली, "मायबाई, ठेवा तो खाली. मी पानी प्यायले नाही आली. पोट्टी कुठं हाये?"

मुलीची छाती तपासली, डोळे पाहिले. मग बुढ्यासमोर जाऊन उभी राहिली. बुढा म्हणाला, "हे बायांचं काम हाये. माह्या घरात बाप्या मानूस लेकरू घेऊन बसला तं गाव थुंकन."

"थुंकू द्या. पोट्टीचं ओकनं तरी थांबन."

"माह्या डोळ्यासमोर नाही चालनार."

"मंग डोळे फिरवा."

अंगणात कोंबडी चालायची थांबली असं मला वाटलं. बुढा उठला. मी म्हटलं आता हा बाईला हाकलतो. त्यानं बाज एका बाजूनं उचलली, फिरवली, भिंतीकडे तोंड करून लावली आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

"झालं," बाई म्हणाली. "धर बे पोट्टीले. पाजलं की अर्धा घंटा." मग मायला म्हणाली, "एक महिना द्या मले. मी येईन वजन कराले. तवलग बिब्बा या घरात नाही आला पाहिजे. नाही वाढली तं मंग माहं काही नोका ऐकू."

ती निघून गेली. तिनं स्वतःचं बोलणं पणाला लावलं, आणि ते उचलायचं मला होतं.

मग महिनाभर, काय सांगू, मी मुलीला धरलं. दिवसाउजेडी, ओसरीवर, सदरा घालून. खांद्यावर डागावर डाग. पोरं कुंपणातून डोकावून हसायची. बाया विहिरीवर बायकोला विचारायच्या, नवऱ्याला लुगडं घेतलं का. बायको म्हणायची, "घेतलं नं, त्याले शोभते." तिच्यात असा तिखटपणा आहे हे मला तेव्हा कळलं. ती भाकरी थापायची, मी चुलीपासून चार हातांवर मुलगी घेऊन बसायचो आणि आम्ही हळू आवाजात बोलायचो. दोन वर्षांत जितकं बोललो नाही तितकं त्या महिन्यात बोललो.

प्रत्येक वेळी मी मुलीला उचलली की बुढा बाज फिरवायचा. ठेवली की परत सरळ करायचा. एक शब्द नाही. त्याची पाठ तेवढी दिसायची, आणि हात भिंतीशी काहीतरी चाळा करत असायचा. काही दिवस चांगले जायचे, काही दिवशी सगळं बाहेर. सहा महिने भरत आल्यावर बाईच्या सांगण्यावरून तांदळाची घट्ट पेज चमच्यानं सुरू केली. ती जरा पोटात राहायची. कमान कमी झाली. एका दुपारी ती पिता पिता थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मी बायकोला हाक मारणार होतो, पण बुढा होता, म्हणून नुसता खोकलो. ती धावत आली आणि तिनंही पाहिलं.

महिना भरला. बाई आली. माय, बायको, मी, सगळे ओसरीवर. बाईनं काटा छपराच्या लाकडी मयालीला टांगला, मुलीला फडक्याच्या झोळीत घातलं. काटा हलला, हलत राहिला. माझी बायको डोळे मिटून उभी होती. बाई वाकून पाहत होती. म्हणाली, "बारा. बाराच्या वर."

मायनं पुन्हा विचारलं, "किती?"

"बाराच्या वर, मायबाई. आता कोनाले डाग देता?"

मायनं मुलीच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

मुलगी भुकेनं रडायला लागली. बायकोनं पाजलं, मी खांद्यावर घेतली, बुढ्यानं बाज फिरवली. बाई मायशी पेजेबद्दल बोलत बसली. मुलगी लगेच झोपली. वजन वाढलं होतं, बाई खुश होती, माझा हातही भरून आला होता. म्हटलं आज पुरे. मी अंथरुणाकडे वाकलो.

"ठेवू नोको तिले."

आवाज भिंतीकडून आला. बुढ्यानं मागं वळून पाहिलं नव्हतं.

"अर्धा घंटा नाही झाला," तो म्हणाला.

बाई बोलता बोलता थांबली. छातीवरचं घड्याळ पाहिलं. मग उठून त्याच्या बाजेजवळ गेली. "बुढेबुवा, तुमच्याजवळ घड्याळ हाये का?"

"घड्याळ कायले पाहिजे," बुढा म्हणाला आणि बाज थोडी बाजूला सरकवली.

भिंतीवर छपराच्या कवेलूच्या फटीतून उन्हाचा कवडसा पडला होता. रुपयाएवढा. आणि त्या भिंतीवर, बुढ्याच्या डोळ्यांच्या उंचीला, कोळशाच्या रेघा होत्या. पन्नास असतील, शंभर असतील. जोडीजोडीनं. मुलीला उचलली तेव्हा कवडसा जिथं होता तिथं एक, आणि ठेवायची तेव्हा जिथं यायला पाहिजे तिथं दुसरी. सकाळच्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या. दिवसागणिक ऊन सरकत गेलं तशा रेघाही थोड्या थोड्या सरकत गेलेल्या. एक महिना तो आमच्याकडे पाठ करून हेच करत होता.

कवडसा दुसऱ्या रेघेपासून अजून चार बोटं लांब होता.

मी सरळ झालो. मुलीची मान नीट केली. माय, बायको, बाई, मी, आणि भिंतीकडे तोंड करून माझा बाप, आम्ही सगळे तो उजेडाचा ठिपका पाहत बसलो. तो सरकताना दिसत नव्हता, पण सरकत होता. तीन बोटं. दोन बोटं. बायको माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, बुढ्यासमोर, आणि पदर सावरायचा विसरली. कवडसा रेघेला टेकला.

"आता ठेव," बुढा म्हणाला.

मी ठेवली. बाईनं त्या रेघांवरून एक बोट फिरवलं, बोटाला लागलेला कोळसा पाहिला आणि मायला म्हणाली, "मायबाई, ही भिंत पोतारू नोका."

मायनं पोतारली नाही. ती गेल्यावर माझ्या बायकोनं पोतारली नाही. अकोल्याहून आम्ही दर दिवाळीच्या आधी गावी जायचो, ती सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारायची आणि तिथं आली की हात उचलून घ्यायची, रेघांच्या कडेकडेनं पोतेरा फिरवायची. यंदा तीच मुलगी आली होती. मी तिला म्हटलं, मला जमत नाही, तू पोतार. तिनं विचारलं, "बाबा, इथपर्यंतच नं?" मी म्हटलं, हो, इथपर्यंत.